एचपी सांगता, तशा फेऱ्याही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली ३४ वर्षे मी मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे विजेच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचे काम करतो. लघुउद्योगांनी आता ऑटोमेशनकडे वळावे, असे आपल्या उद्योगविषयक पानांवर वरचेवर वाचायला मिळते. माझे त्याबद्दल दुमत नाही. आमच्याकडच्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीनशॉप वळलीही आहेत. पण माल वर उचलणारे यंत्र ‘ऑटो’वर टाकताना त्याला मोटार कोणती घ्यायची, याबद्दल कुठे एक ओळ सापडत नाही. ती निवड चुकली की मोटार माझ्या टेबलावर येते. नुसती मोटार आली तर बरे म्हणायचे, कारण काही ठिकाणी माणूस थोडक्यात वाचलेला मी पाहिला आहे. म्हणून हे पत्र.

शिरोलीच्या बाजूला एक फौंड्री आहे. नाव लिहीत नाही, कारण मालक भला माणूस आहे आणि चूक त्याची एकट्याची नव्हती. तिथून ३ एचपीची एक मोटार जळून आली. भरून दिली. अडीच आठवड्यांनी तीच परत. पुन्हा भरली. महिन्याच्या आत तिसऱ्यांदा. या वेळी मोटार घेऊन आलेला मेंटेनन्सचा माणूस दारातूनच म्हणाला, “अण्णा, तार हलकी लागतीया बघा आता तुमची.” ते मला लागले. तार मी हलकी वापरत नाही.

जळालेली मोटार उघडली की वाइंडिंग वाचता येते. स्टार कनेक्शनच्या मोटारीत एक फेज गेलेला असेल तर दोन फेजच्या कॉइली कोळसा होतात आणि तिसऱ्या फेजच्या कॉइली नव्यासारख्या पिवळ्याधमक राहतात. एखाद्याच जागी तांबे वितळून गोळी झालेली असेल तर तिथे वेढ्याला वेढा लागला असे समजायचे. या मोटारीत मात्र तिन्ही फेज सारखेच काळे झाले होते, वार्निश करपून तिची पापडी निघत होती. रोटर बाहेर काढून उजेडात धरला तर त्याच्या स्टॅम्पिंगवर निळसर झाक आली होती. नुसत्या जास्त वजनाने रोटर असा होत नाही. सारखे चालू-बंद होणाऱ्या मोटारीचा रोटर असा तापतो. मी त्या माणसाला म्हटले, “मोटार राहू दे इथं. मी उद्या तुमच्याकडं येतो.”

दुसऱ्या दिवशी टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) आणि वही घेऊन गेलो. यंत्र साधे होते. मोल्डिंगची वाळू खालच्या खड्ड्यातून ६ मीटर वरच्या हॉपरमध्ये टाकणारी बादली, दोन उभ्या चॅनेलमधून सरकणारी. पूर्वी एक माणूस पेंडंटचे, म्हणजे लोंबत्या बटणपेटीचे बटण दाबून ती वर-खाली करायचा. दिवाळीत त्यांनी पीएलसी (यंत्र प्रोग्रॅमने चालवणारा छोटा संगणक) बसवला, वर-खाली बादली पोचल्याचे कळवणारे लिमिट स्विच लावले, बटणवाला माणूस दुसऱ्या कामाला दिला. मोटार तीच ठेवली. ती मुळात कूलिंग टॉवरच्या पंपावरून काढलेली होती. भार मोजला. बादली १२० किलो, वाळू २८०, एकूण ४००. वेग मिनिटाला १८ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.३. चारशे गुणिले ९.८१ गुणिले ०.३, झाले ११७७ वॅट. वर्म गिअरबॉक्स (स्क्रूने दातेरी चाक फिरवणारा) आणि पुल्या मिळून जवळजवळ ४० टक्के खातात, त्यामुळे मोटारीकडे मागणी येते १९६० वॅटची, साधारण २.६ एचपीची. मोटार ३ एचपीची. टाँग टेस्टरवर चढताना ३.९ अँपिअर, नेमप्लेटवर ४.७. हिशेबाने मोटार पुरेशी होती आणि तरी ती तीनदा जळली होती.

मग मी खोके उलटे टाकून पॅनेलसमोर बसलो आणि कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचचे आवाज मोजले. अर्ध्या तासात १५ बादल्या गेल्या आणि कॉन्टॅक्टर ६० वेळा खटकला. एका बादलीला चार स्टार्ट. चढण्याचा एक. वर पोचल्यावर बादली लिमिटच्या थोडी पुढेमागे थांबायची, म्हणून प्रोग्रॅम तिला एक टिचकी मारून जागेवर आणायचा, तो दुसरा. उतरण्याचा तिसरा, खाली पुन्हा टिचकीचा चौथा. तासाला १२० स्टार्ट. बटणवाला माणूस तासाला १० बादल्या काढायचा, अंदाज हाताचा असल्याने टिचकी त्याला लागायची नाही. त्याचे स्टार्ट होत होते २०.

हा फरक काय करतो ते त्याच वहीत मी मालकांना मांडून दाखवले. मोटार डीओएल स्टार्टरवर, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू झाली की पहिल्या क्षणी साधारण ६ पट करंट ओढते. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३६ पट. प्रत्येक स्टार्टला अर्धा सेकंद धरा. त्या अर्ध्या सेकंदात तार जेवढी तापते, तेवढी पूर्ण भारावर १८ सेकंद चालून तापते. १२० स्टार्ट म्हणजे २१६० सेकंद, सरळ ३६ मिनिटे. त्यात चढण्या-उतरण्याची तासातली २० मिनिटे मिळवा, झाली ५६. उतरताना भार हलका असतो हे धरले तरी फार फरक पडत नाही. जुन्या पद्धतीत हाच हिशेब १३ मिनिटांच्या आत बसत होता. आता तासातली ५६ मिनिटे पूर्ण भाराची उष्णता, आणि पंखा मात्र फिरतोय २० मिनिटे! कारण पंखा मोटारीच्याच शाफ्टवर असतो. मोटार थांबली की वाराही थांबला.

करंट वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले होता. तो वरचेवर पडत होता म्हणून कुणीतरी त्याचे सेटिंग ७ अँपिअरवर नेऊन ठेवले होते. ओरडणाऱ्याचे तोंड दाबले, असेच मी म्हणेन. आणि आणखी एक गोष्ट ऑटोमेशनमध्ये हरवते, ती म्हणजे बटणवाल्याचे नाक. वार्निशचा वास आला की तो थांबायचा, मोटारीला हात लावून बघायचा. पीएलसीला तुम्ही थर्मिस्टर (मोटार तापल्याचे कळवणारा वाइंडिंगमधला तुकडा) दिला नाही तर त्याला वास येत नाही.

मालकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग ५ एचपीची टाकू या.” हा उपाय मी आजवर शंभर जणांच्या तोंडून ऐकला असेल. उचलण्याच्या कामात तो बहुतेक वेळा उलटा पडतो. मोठ्या मोटारीचा रोटर जड असतो. दर स्टार्टला आधी तो रोटरच फिरवायला ताकद जाते आणि तेवढी उष्णता रोटरमध्येच उतरते. झटका मोठा बसतो, तो वायररोपला आणि गिअरच्या दातांना सोसावा लागतो. गाडीला बैल दुबळा नव्हताच. त्याला घडोघडी थांबवून पुन्हा ओढायला लावले जात होते.

पंपाची मोटार आणि उचलण्याची मोटार यांतला फरक समजावायला मी नेहमी मोटेचा दाखला देतो. आमच्या आजोबांच्या मळ्यात मोट होती, लहानपणी मी नाड्यावर बसलो आहे. भरलेली मोट पाण्याबाहेर सुटते त्या क्षणी बैलांच्या माना खाली जायच्या, खूर धावेत रुतायचे. एकदा चालायला लागले की त्यांना तितके जड जात नसे. पंप सुरू होताना त्याच्यावर जवळजवळ काहीच भार नसतो, वेग वाढेल तसा भार येतो. बादली पहिल्या क्षणापासून ४०० किलोची असते. पंपाच्या मोटारीच्या नेमप्लेटवर ड्यूटी ‘एस१’ लिहिलेली असते, म्हणजे एकदा सुरू करा आणि चालू ठेवा. उचलण्याच्या कामाला ‘एस३’ किंवा ‘एस४’ लागते. १० मिनिटांच्या चक्रात किती टक्के वेळ मोटार चालणार, २५ की ४० की ६०, हे तिथे लिहिलेले असते आणि एस४ मध्ये तासाचे स्टार्टही धरलेले असतात. नेमप्लेटवरचा हा एक छोटा रकाना आमच्याकडे कुणी वाचत नाही. भंगार बाजारात मोटार घेताना तर फक्त एचपी, आरपीएम आणि भाव.

शेवटी त्या फौंड्रीत ३ एचपीचीच मोटार बसली, पण ४० टक्के एस४ ड्यूटीची, मागे ब्रेक असलेली आणि थंड ठेवायला वेगळा पंखा असलेली. तिला ५ एचपीचा व्हीएफडी (मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) दिला, कारण चढाच्या स्टार्टला दीडपट टॉर्क (फिरवायचा जोर) मागायचा तर ड्राइव्ह एक माप मोठा असलेला बरा. प्रोग्रॅममधल्या टिचक्या काढून वर पोचण्याआधी वेग कमी करायला सांगितले. बादली आता हळू होत जाते आणि पहिल्याच वेळी जागेवर थांबते. दोन वर्षे झाली, ती मोटार माझ्याकडे आलेली नाही.

हे पैशाचे नुकसान झाले. आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो.

दुसऱ्या एका ठिकाणी लोखंड वितळवायच्या कपोला भट्टीत माल टाकायची चार्जिंग बादली आहे, तिला साडेसात एचपीची मोटार. सुरू होताना दिवे मंद होतात म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने तिथे डीओएल काढून स्टार-डेल्टा स्टार्टर लावला. तो मोटार आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करतो, मग डेल्टा जोडणीत पूर्ण ताकदीवर नेतो. पंपाला, ब्लोअरला स्टार-डेल्टा उत्तम. पण स्टारमध्ये मोटारीचा टॉर्क तिसऱ्या हिश्श्यावर येतो. उभ्या भाराला तेवढा पुरत नाही. त्यात आमच्या एमआयडीसीतल्या लांबच्या फीडरवर दुपारी व्होल्टेज ४१५ चे ३४० होते, आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ३४० ला तो दोन तृतीयांशच उरतो. तिसरा हिस्सा आणि त्याचेही दोन तृतीयांश! मोटारीला वीज मिळाली की ब्रेक उघडतो. ब्रेक उघडला, मोटारीत धरून ठेवायची ताकद नाही, त्यामुळे बादली आधी वीतभर खाली घसरायची, मग डेल्टा लागला की हिसक्याने वर जायची. तिथल्या लोकांना ते दिसत होते. ‘जरा दम घेतीया’ म्हणून सोडून दिले होते.

एके दिवशी मध्येच थांबलेली भरली बादली पुन्हा सुरू केली आणि डेल्टाचा कॉन्टॅक्टर लागलाच नाही. त्याच्या कॉइलची एक वायर सैल होती. मोटार स्टारमध्ये गुरगुरत राहिली, ब्रेक उघडा, आणि बादली उलटी मोटार फिरवत खाली आली. खड्ड्याच्या कडेला विशीतला एक पोरगा फावडे घेऊन उभा होता. त्याने आवाज ऐकून मागे उडी मारली. फावडे त्याच्या हातातून सुटले आणि बादलीखाली गेले. मला मोटार बघायला बोलावले तेव्हा ते फावडे अजून तिथेच पडलेले होते. दांडा मधोमध चिरडून त्याच्या काड्या झाल्या होत्या, आणि लोखंडी पाते कागदासारखे दुमडले होते. पोरगा कोपऱ्यात बसून पाणी पीत होता, ग्लास त्याच्या दातांवर वाजत होता. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

तेव्हापासून मी उचलण्याच्या यंत्राबद्दल विचारायला आलेल्या प्रत्येकाला आधी ब्रेकचे विचारतो आणि मग मोटारीचे. ब्रेक स्प्रिंगने लागणारा आणि विजेने उघडणारा हवा. वीज गेली, वायर तुटली, कॉइल जळली, काहीही झाले तरी तो लागलाच पाहिजे. २.२ किलोवॅटच्या, १४४० आरपीएमच्या मोटारीचा टॉर्क साधारण १४.६ न्यूटन-मीटर. तिला ब्रेक दीड ते दोन पट, म्हणजे २२ ते २९ न्यूटन-मीटरचा असावा. ब्रेकच्या कॉइलला डीसी देणारा रेक्टिफायर असतो. वीज त्याच्या फक्त एसी बाजूने तोडली तर कॉइल सावकाश सुटते आणि तेवढ्यात भार घसरतो. डीसी बाजूनेही तोडली तर ब्रेक चटकन लागतो. एका जास्तीच्या कॉन्टॅक्टचा प्रश्न आहे, पण दहापैकी आठ पॅनेलमध्ये तो मला दिसत नाही. व्हीएफडी लावला असेल तर ब्रेकची वीज मोटारीच्या टर्मिनलवरून कधीही घेऊ नये, तिथले व्होल्टेज वेगाबरोबर बदलते आणि ब्रेक अर्धवट उघडून लायनिंग घासत राहते. आणि ड्राइव्हने मोटारीत टॉर्क उभा केल्यावरच ब्रेक उघडला पाहिजे. तशी सोय बहुतेक ड्राइव्हमध्ये असते, फक्त सेटिंग कुणी करत नाही.

“वर्म गिअर आहे, उलटा फिरणारच नाही,” हे वाक्य तर आमच्याकडे पाठ झालेले आहे. नवीन वर्म, मोठा रेशो, थांबलेला भार, हे सगळे असेल तर तो धरतो. पण मशीनच्या थरथरीने, चांगल्या तेलाने आणि झिजून गुळगुळीत झालेल्या दातांनी तोच वर्म हळूहळू सरकतो, आणि एकदा सरकायला लागला की थांबत नाही. वर्म धरतो म्हणून ब्रेक नको, असे कुणी सांगितले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

व्हीएफडी लावला म्हणजे सगळे झाले असेही नाही. भार उतरताना तो मोटारीला फिरवतो, मोटार वीज तयार करते आणि ती ड्राइव्हमध्ये साठते. तिला जाळायला ब्रेकिंग रेझिस्टर दिला नाही तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजला ट्रिप होतो, बादली मधेच लटकते आणि मग कोणीतरी वैतागून ब्रेक हाताने उघडतो. ते फार वाईट. दुसरे, ड्राइव्हच्या व्होल्टेजला टोके असतात, जुन्या वाइंडिंगचे पहिले एक-दोन वेढे ती फोडतात. म्हणून ड्राइव्हवर जाणारी मोटार भरताना मी दुहेरी कोटिंगची तार आणि फेजमध्ये जादा कागद घालतो, आणि तिन्ही फेजच्या कॉइलमध्ये एकेक थर्मिस्टर बसवून त्याच्या दोन वायरी टर्मिनल बॉक्समध्ये आणून देतो. त्या वायरी पॅनेलला जोडा असे गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो. निम्मे जोडतात.

लहान यंत्रांतही हीच गत. माझ्या पुतण्याने डिप्लोमाला प्रोजेक्ट म्हणून मालाचे रॅक केले, त्यात बॉल स्क्रूवर (आट्यांत छर्रे असलेल्या दांड्यावर) स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटारने कप्पा वर-खाली जायचा. परीक्षक समोर असताना वीज गेली आणि कप्पा सर्रकन खाली आला. स्टेपर वीज असेपर्यंतच धरतो, आणि बॉल स्क्रूत घर्षण जवळजवळ नसल्याने तो भाराने उलटा फिरतो. पोरांचा दोष नाही, कॉलेजात त्यांना टॉर्कचे सूत्र शिकवले होते, वीज गेल्यावर काय, हा प्रश्न कुणी घातला नव्हता.

माल-लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि दोर, चेन, उचलयंत्रे यांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, ही शिस्त १९४८ च्या कारखाना अधिनियमानेच कलम २८ आणि २९ मध्ये घालून दिली. पण तपासणीनंतर मोटार बदलली, स्टार्टर बदलला, पीएलसी आला, तर पुन्हा कोण बघतो? दाखला भिंतीवर तोच राहतो. माझी विनंती आहे की हाताने चालणारे उचलयंत्र ऑटोवर नेले की त्याची तपासणी नव्याने व्हावी, भारासह, आणि भार मधे लटकलेला असताना वीज तोडून. पाच मिनिटांचे काम आहे. आमच्याकडे ‘स्मॅक’, ‘गोशिमा’ यांसारख्या कारखानदारांच्या जागत्या संघटना आहेत. त्यांनी मनावर घेतले तर एका वर्षात आपल्या वसाहतीतली सगळी उचलयंत्रे अशी तपासून होतील. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन पोरांना बरोबर घेतले तर त्यांचेही शिक्षण होईल.

आणि पॅनेल बनवणाऱ्या, ऑटोमेशन करून देणाऱ्या मंडळींना विनंती अशी की कोटेशनमध्ये मोटारीच्या एचपीशेजारी तासाचे स्टार्ट, ड्यूटी आणि ब्रेकचा टॉर्क हे तीन आकडे लिहा. मालकांनी ते तीन आकडे नसलेले कोटेशन परत पाठवावे. शिरोलीच्या त्या मालकांनी मला नंतर विचारले होते की हे आधी कुणी का सांगितले नाही. त्यांनी ज्याला ज्याला मोटार विचारली, त्या प्रत्येकाने फक्त वजन किती एवढेच विचारले होते.

ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी मोटारीच्या आणि गिअरबॉक्सच्या नेमप्लेटचा फोटो, भरलेल्या बादलीचे वजन, उंची आणि तासाच्या फेऱ्या एवढे लिहून आणावे. उद्यमनगरातले कोणतेही जुने रिवाइंडिंगचे दुकान पंधरा मिनिटांत हिशेब मांडून देईल. माझ्या दुकानात त्याचे पैसे घेतले जात नाहीत. सोमवारी आमची सुट्टी असते, बाकी दिवशी सकाळी ९ नंतर यावे.

आपला,
एक मोटार रिवाइंडर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर